रडू न देण्याचा हिवाळा

डिसेंबर अर्धा सरला की आमच्या जयपूरच्या मानसरोवर वस्तीतल्या गच्च्यांवर माणसं उगवायला लागतात. एरवी जिथं पाण्याची टाकी आणि वाळत घातलेल्या चादरींशिवाय काही नसतं, तिथं शाळकरी पोरं, त्यांचे बाप, बापांचे मेहुणे, सगळे माना वर करून उभे. पतंगांचा मोसम. मधूनच कुणाचा तरी पतंग कटतो आणि चार गच्च्यांवरून एकदम आरोळी उठते, "वो काटा!" ही आरोळी मला पूर्वी फार आवडायची. आता ती कानावर पडली की माझे हात आपोआप पुढं होतात आणि एका तान्ह्या बाळाचे गुडघे शोधायला लागतात. ते बाळ आता साडेचार वर्षांचं झालंय, समोर मटार खात बसलेलं असतं, पण हातांना कोण सांगणार?

मी मूळची साताऱ्याची. यजमान फौजेत होते. त्यांची जयपूरला बदली झाली, मला इथल्या मुलींच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची नोकरी लागली, पुढच्या बदल्यांना ते एकटेच गेले आणि मी निखिलला घेऊन इथंच राहिले; निवृत्त झाल्यावर तेही इथंच परतले. निखिल आमचा एकुलता एक. त्याची बायको शिखा इथलीच, जुन्या शहरातली. तिला मराठी सगळं समजतं, बोलायला लागली की मात्र निम्म्या वाटेत हिंदीत उतरते. मला मम्मीजी म्हणते. मला सुरुवातीला ते जरा खटकायचं, आता कुणी नुसतं 'आई' म्हटलं तर मी वळून बघणार नाही अशी गत आहे. आणि सई ही या दोघांची मुलगी, माझी नात.

सई जन्मली पावसाळ्यात. चार दिवस पेढे, फोन, नाक कुणाचं आणि कपाळ कुणाचं यावरून वाद. मग तिला तपासताना मुलांच्या डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि तो जरा जास्तच वेळ तिथं ठेवला. डॉक्टरांचा चेहरा वाचायची विद्या माणूस तेवढ्या वेळात शिकतो. पुढं तपासण्या झाल्या. हृदयाच्या आतल्या पडद्याला मोठं भोक आहे आणि फुप्फुसांकडं रक्त नेणारी वाट अरुंद आहे, असं निघालं. म्हणजे बरंचसं रक्त फुप्फुसांत न जाता, शुद्ध न होताच परत अंगात फिरणार. ऑपरेशन करावं लागणार, पण जरा मोठी होऊ द्या, वजन भरू द्या, असं सगळ्यांचं मत पडलं. तोपर्यंत काय करायचं, असं निखिलनं विचारलं. औषध लिहून दिलं, दूध थोडं थोडं पाजायला सांगितलं, आणि मग अगदी सहज सांगावं तसं डॉक्टर म्हणाले, हिला रडू देऊ नका.

रडू देऊ नका! तान्ह्या पोरीला! पाण्याला ओलं होऊ देऊ नका म्हणण्यासारखंच की. पण त्याला कारण होतं. बाळ जोरात रडलं की ती आधीच अरुंद असलेली वाट आणखी आवळते. फुप्फुसांत रक्त जाईनासं होतं, बाळ निळं पडतं, निपचित होतं. त्याच्या पुढचं डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. तसं झालंच तर ताबडतोब तिचे गुडघे पोटाशी दुमडून छातीला लावायचे, छातीशी धरायचं, शांत करायचं आणि ओठांवर, नखांवर लक्ष ठेवायचं. पाय दुमडले की तिकडच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, तिथं जाणारं रक्त अडतं, दाब वाढतो आणि रक्ताला फुप्फुसांची वाट धरावी लागते. मी जन्मभर पोरींना दाब आणि प्रवाह शिकवले. हे मला एका ऐकण्यात समजलं. त्या समजण्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

रडल्याशिवाय आईसुद्धा दूध देत नाही, असं आपल्यात म्हणतात. ती म्हण त्या हिवाळ्यात आमच्या घरात मोडीत निघाली. भूक लागायच्या आत दूध, ओलं व्हायच्या आत लंगोट, कंटाळा यायच्या आत खेळ. दाराची घंटा यांनी तार उपसून मुकी केली. कुकर हद्दपार झाला, डाळ पातेल्यात शिजायला लागली आणि रोज कच्ची राहायला लागली. मिक्सर बंद, म्हणून चटणी बंद. भाजीवाल्या भैयाला सांगून ठेवलं की आमच्या दारापुढं ओरडायचं नाही. तो बिचारा फाटकाशी येऊन खुणेनं मुळा, गाजर, मेथी दाखवायचा आणि मी खुणेनंच भाव करायची. यांची शिंक म्हणजे तोफखाना. शिंक यायला लागली की हे उठून पळत सुटायचे आणि रजईच्या ढिगात तोंड खुपसायचे. एरवी मी हसून हसून लोळले असते. तेव्हा नुसती सईकडं बघत राहायची, दचकली का, नाही दचकली, सुटलो.

निखिल हा मुळात गंभीर प्राणी. कॉलेजात असतानाही मित्रांच्यात हा कोपऱ्यात. पण त्या हिवाळ्यात हा घरून काम करता करता, मीटिंगचा कॅमेरा बंद करून, कुत्र्यासारखा भुंकायचा, म्हशीसारखा हंबरायचा, डोक्यावर चाळणी घालून खोलीभर फिरायचा. हे चमचा खांद्याला लावून परेड करायचे. सई टकामका बघायची. ती मोठ्या डोळ्यांची, शांत पोर होती. तिला रडायचं फारसं नसायचंच खरं तर, पण आम्हाला तिच्या ओठाचा कोपरा जरा वाकडा झालेला दिसला की चौघांची सर्कस सुरू. साताऱ्याहून माझी बहीण फोनवर म्हणायची, "अगं, रडल्यानं फुप्फुसं मजबूत होतात, काय तुमचं हे नवीनच!" पुन्हा पुन्हा तेच समजावून सांगायचा मला कंटाळा आला होता. "हो गं, बघू," म्हणून मी फोन ठेवायची.

सकाळ मात्र आम्हाला नको व्हायची. झोपेतून उठल्यावर तिला त्रास होण्याची भीती जास्त असायची. बाहेर धुकं, खिडकीची काच पांढरी, समोरचं घर दिसत नाही, आणि आत आम्ही तिच्या पाळण्याभोवती उभे, ती डोळे उघडायची वाट बघत. दोनदा-तीनदा तसं झालंही. शिखा इतकी चपळाईनं तिचे गुडघे दुमडायची की मला कळायच्या आत ते होऊन जायचं. एरवी साध्या झुरळाला किंचाळणारी ही मुलगी. त्या वेळी तिच्या तोंडून चकार शब्द निघायचा नाही. सईचा रंग परत आला की ती माझ्याकडं बघून म्हणायची, "हो गया मम्मीजी, ठीक है." आणि मग चहा ठेवायला जायची.

रडायची मनाई एकटीला होती, पण पाळली ती सगळ्यांनी. त्या घरात कुणालाच रडता येत नव्हतं. मूल कुणाच्या रडण्यानं रडेल, काय सांगावं! शिखा कपडे वाळत घालायच्या निमित्तानं गच्चीवर जायची आणि पाण्याच्या टाकीच्या मागं बसायची. मी एकदा लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवायला गेले तेव्हा मला तिची पाठ दिसली. मी आल्या पावली परत फिरले. निखिल गाडी धुवायच्या नावाखाली गाडीत काचा बंद करून बसायचा. इतकी स्वच्छ गाडी अख्ख्या गल्लीत कुणाची नव्हती. हे कुठं जायचे ते मला अजून माहीत नाही. आणि मी? मी कांदा चिरायची. भरपूर कांदा चिरायची. आमच्याकडं तेव्हा रोज कांद्याची भाजी असायची.

जयपूरची थंडी खरं तर किती सुंदर. दुपारी गच्चीवर चटई टाकून बसावं, पाठीला ऊन, पुढ्यात मटारचं ताट, बाजूला शेंगदाणे आणि गजक, म्हणजे इथली तीळगुळाची खुसखुशीत वडी. खालून पेरूवाल्याची गाडी जाते. एखाद्या दिवशी ढग येतात आणि मावठ पडते, इथली हिवाळ्यातली सर, की लोक खूश, गव्हाला चांगली म्हणून. तशाच एका दुपारी आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. सई शिखाच्या मांडीवर झोपलेली. तेव्हा शिखानं विचारलं, "मम्मीजी, वो सई का बोरनहाण, कब करते हैं?"

निखिलचा एक जुना फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. पहिल्या संक्रांतीचा. काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने, डोक्यावर हलव्याचा मुकुट, आजूबाजूला बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे पसरलेले आणि हा मधोमध बसून आ वासून रडतोय. शिखाला तो फोटो लग्न होऊन आल्यापासून आवडायचा.

मी म्हटलं, "संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही करतात. पण यंदा राहू दे गं. डोक्यावर बोरं पडली की पोरं भोकाड पसरतात, तो फोटोतला बघितलास ना. पाच वर्षांची होईपर्यंत कधीही करता येतं. पुढच्या वर्षी करू."

तिचे हात थांबले. "पुढच्या वर्षी," ती म्हणाली. चक्क मराठीत. एवढंच. मग पुन्हा शेंग हातात घेतली, फोडली, दाणे ताटात पाडले आणि म्हणाली, "नहीं मम्मीजी. इसी साल करेंगे."

का, ते विचारायची गरजच नव्हती. जे आम्ही चौघांनी इतके महिने चाळणी डोक्यावर घालून आणि चमचे खांद्याला लावून लांब ठेवलं होतं, ते ती बिनबोभाट बोलून गेली होती. मी खाली आले आणि बहिणीला फोन लावला की हलव्याचे दागिने पाठव, लहानात लहान मापाचे.

दागिने आले. मी काळ्या कापडाचं झबलं शिवलं. शिखाच्या आईनं ते बघून कपाळाला हात लावला, "हाय राम, बच्ची को काला? वो भी त्योहार के दिन?" आमच्यात संक्रांतीला काळंच घालतात, थंडीत ऊब राहते, असं मी सांगायच्या आत शिखाच म्हणाली, "मम्मी, इनके यहाँ यही शगुन है." विहीणबाई मग झबल्याच्या आत पांढरी बनियन घालायचीच, असं वचन घेऊन गेल्या.

तोवर सईचं वजन मनासारखं भरलं होतं आणि ऑपरेशन संक्रांतीनंतर दोन आठवड्यांनी ठरलं होतं. तेवढी संक्रांत पार पडायला हवी होती. जयपूरची संक्रांत काय चीज आहे ते इथं राहणाऱ्यालाच कळेल. उजाडल्यापासून गच्चीगच्चीवर स्पीकर, गाणी, माइकवरून शेजाऱ्यांना आव्हानं, थाळ्या, शिट्ट्या, अंधार पडला की फटाके. आणि आमच्याकडं कुकरची शिट्टीसुद्धा न सोसणारं पोर! मी शेजारच्या शर्माजींकडं गजकाचा डबा घेऊन गेले. ते मोठ्या मनाचे. "अरे भाभीजी, बच्ची के लिए हम पूरा दिन बंद रखेंगे," म्हणाले आणि खरोखरच त्यांनी स्पीकर उतरवून ठेवले. पण मानसरोवरात काय एकटे शर्माजी राहतात?

शेवटी ठरलं की त्या दिवशी शहरातून निघूनच जायचं. निखिल म्हणाला, कानोत्याला जाऊ, धरणावर. यांनी त्याला वेड्यात काढलं, "संक्रांतीला धरणावर? अर्धं जयपूर तिथं सहलीला येईल, ढोल घेऊन." मग या फौजी डोक्यानं दोन दिवस विचार केला आणि जाहीर केलं, "झालानाला जाऊ. तिकडं सगळी ऑफिसं. सुट्टीच्या दिवशी तिथं चिटपाखरू नसतं. मागं जंगल." इतके खूश झाले होते स्वतःवर की काय सांगू!

पहाटेच्या धुक्यातच निघालो. काचा बंद, सई शिखाच्या कुशीत. तारांवर, झाडांवर तुटके मांजे लोंबत होते. झालानाला पोचलो तर खरंच, रस्ताच्या रस्ता रिकामा. बंद फाटकं, कुलपं, कडुनिंबाची झाडं, भिंतीपलीकडं जंगलाचा चढ. यांनी एका भिंतीशी, कडुनिंबाखाली गाडी लावली. हळूहळू धुकं उठलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा आम्ही चौघं साध्या आवाजात बोललो. थर्मासमधला चहा प्यालो, तिळगूळ वाटले. निखिल कुठल्याशा जुन्या गोष्टीवरून मोठ्यानं हसलासुद्धा, आणि सईनं त्याच्याकडं बघून तोंडभर बोळकं पसरलं.

तिथंच, मागच्या सीटवर, तिचं बोरनहाण झालं. काळं झबलं, हलव्याचा हार, बाजूबंद, मुकुट. मापात सगळं मोठंच होतं. बोरं-चुरमुरे डोक्यावरून ओतायचे असतात, आम्ही ते एकेक करून तिच्या डोक्यावर ठेवले, चोरासारखे. चुरमुरा नाकावरून घरंगळला की तिला गंमत वाटायची. तिनं हाराचा एक दाणा पकडून तोंडात घालायची धडपड केली. निखिलनं फोटो काढले. मी शिखाच्या चेहऱ्याकडं बघत होते. माझी सून त्या दिवशी इतकी सुंदर दिसत होती की मला तिच्याकडं बघवेना.

आणि भिंतीवर मोर आला.

ज्यांनी मोर फक्त चित्रात बघितलाय त्यांना त्याचा आवाज किती कर्कश असतो ते माहीत नसतं. हा तर गाडीच्या उघड्या दारापासून हातभर अंतरावर होता. त्यानं मान ताणली आणि जो टाहो फोडला, त्यानं मीसुद्धा दचकले. सईचं तोंड उघडलं. आधी आवाजच नाही, नुसतं उघडं तोंड. मग ती रडायला लागली, आणि आमच्याकडची एकही युक्ती चालेना. चमचा नाही, चाळणी नाही. निखिल भुंकला. त्या भुंकण्यात असा काही सूर होता की तो मला अजून ऐकू येतो.

रडणं वाढत गेलं आणि मग बारीक व्हायला लागलं. ते बारीक होणंच वाईट. मी तिच्या तोंडाकडं बघते तर काही कळेना. गाडीत झाडाची सावली, त्यात ते काळं झबलं. काळ्यावर तिचा रंग सावळा दिसतोय की निळा, ठरवता येईना. जे कापड आम्ही ऊब राहावी म्हणून घातलं होतं, त्यानं आमचे डोळेच बांधले. शिखानं एका हिसक्यात झबलं ओढून काढलं. हाराचा दोरा तुटला, हलवा गाडीभर उधळला. आत पांढरी बनियन होती, आणि त्या पांढऱ्यावर मग सगळं दिसलं. ओठ जांभळाच्या रंगाचे. नखंही.

शिखानं तिचे गुडघे दुमडले, तिला छातीशी घेतलं, डोळे मिटले आणि तोंडातल्या तोंडात नुसता एक सूर धरला. निखिल किल्ली हातात घेऊन, "गाडी काढू? आई, काढू का गाडी?" हे बाहेर जाऊन जंगलाकडं तोंड करून उभे राहिले, अगदी ताठ, हात पाठीमागं बांधून. मी देवाचं नाव घेतलं का, आठवत नाही. मी बहुतेक त्या मोराला शिव्या दिल्या. तोंडात येतील त्या, साताऱ्याच्या.

किती वेळ गेला ते मला विचारू नका. सईचं अंग ढिलं पडलं, श्वास खोल झाला, आणि ओठ जांभळाचे करड्यावर, करड्याचे फिकट गुलाबीवर आले. ती झोपली. शिखानं डोळे उघडले आणि पहिल्यांदाच "ठीक है" म्हणाली नाही. म्हणाली, "हॉस्पिटल."

सगळं शहर पार करून जायचं होतं. निळंशार आभाळ आणि त्यात हजारो पतंग. चौकाचौकातून गाणी, "वो काटा, वो मारा". पायाखाली हलवा चुरत होता. शहराचा आनंद मला त्या दिवशी इतका परका वाटला की राग आला. अरे, कशाला ओरडताय? एक पोर झोपलंय ना! पण कुणाला सांगणार? त्यांचा सण होता, आणि तो आमचाही होताच की.

डॉक्टरांनी तिला ठेवूनच घेतलं. आता वाट बघायची नाही, म्हणाले. ऑपरेशन अलीकडं आलं. त्या दाराबाहेरच्या बाकड्याबद्दल मी फार लिहिणार नाही. त्या बाकड्यावर बसलेल्यांना ते माहीत आहे, आणि जे बसले नाहीत त्यांना देवानं कधी बसवू नये.

नंतर तिच्या घशातली नळी काढल्यावर ती पहिल्यांदा रडली. घोगरं, फाटकं रडणं. आवाज फुटत नव्हता. शिखाचे हात तात्काळ पुढं झाले, गुडघे दुमडायला. सिस्टरनं तिचे हात धरले. "नहीं नहीं, अब रोने दो. रोने से फेफड़े खुलेंगे." शिखा माझ्याकडं बघायला लागली, जणू मी सांगितलं तरच ती विश्वास ठेवणार होती. बहीण फोनवर सांगत होती तेच की हे! आम्ही दोघी पडद्याला धरून उभ्या राहिलो आणि तिचं रडणं ऐकत राहिलो. दुधानं तोंड पोळलेली माणसं आम्ही. ताक समोर आलं तरी फुंकत बसलो होतो.

लोक विचारतात, आता बरी आहे ना? मी हो म्हणते. रस्त्यात उभं राहून किती सांगणार? खरं असं आहे की भोक बुजवलंय, वाट मोठी केलीय, पण ती मोठी करताना तिथली झडप कामातून गेली. ती गळते. सई वाढेल तशी कधीतरी ती बदलावी लागणार. कधी, ते कुणी सांगत नाही. गेल्या तपासणीला डॉक्टर यंत्राच्या पडद्याकडं जरा जास्त वेळ बघत राहिले. मला ते बघणं ओळखीचं आहे. संक्रांत झाली की पुन्हा दाखवायचंय. या घरात आता दोन मोसम आहेत, तपासणीच्या आधीचा आणि तपासणीच्या नंतरचा. बाकी ऊनपाऊस आपले शेजाऱ्यांचे.

बोरनहाण पुढच्या वर्षी पुन्हा केलं नाही. शिखाच नको म्हणाली. एकदा झालंय, बस.

आणि दुसरं खरं असं की आम्ही पोर वाचवली आणि बिघडवली. तिला 'नाही' हा शब्द माहीतच नव्हता. शाळेत तिला खेळणं मिळालं नाही की ती रडत नाही, तर बाईंकडं नुसती बघत राहते, हे कसं काय झालं नाही, अशा नजरेनं. बाईंनी शिखाला बोलावून सांगितलं. तेव्हापासून शिखानं मनावर घेतलंय. चॉकलेट नाही म्हणजे नाही, मोबाईल नाही म्हणजे नाही. सई रडायला लागली की मी उठते आणि शिखा म्हणते, "बैठिए मम्मीजी. रोने दो." मी बसते. माझे कान बसत नाहीत. आजोबांचं तर विचारूच नका, ते चप्पल घालून फिरायला निघून जातात.

परवा दुपारी आम्ही सगळे गच्चीवर होतो. निखिल पतंग उडवत होता, फिरकी शिखाच्या हातात. हे उन्हात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. मी तीळ निवडत होते. एक कटलेला पतंग डुलत डुलत आमच्या गच्चीच्या कोपऱ्यात उतरला आणि सई धावली. टाकीकडं जाणाऱ्या पाइपाला पाय अडकला आणि ती तोंडावर आपटली. गुडघा फुटला, कोपर खरचटलं. क्षणभर काही नाही. मग तिनं तोंड उघडलं आणि भोकाड पसरलं.

निखिलच्या हातातला मांजा सुटला. फिरकी खाली पडली. यांचा पेपर उडाला, माझं तिळाचं ताट लवंडलं. चौघंही तिच्याभोवती. तिच्या गुडघ्यातून रक्त येत होतं, आणि आमच्यातलं कुणीही गुडघ्याकडं बघत नव्हतं. आम्ही तिच्या तोंडाकडं बघत होतो.

सईनं आमच्याकडं एकदा बघितलं. आणि रडणं थांबवलं. म्हणजे, आवरलं. मोठ्या माणसानं आवरावं तसं. छाती हुंदक्यांनी उडत होती, गालांवर पाण्याच्या धारा, पण आवाज बंद. तिनं दोन बोटांनी खालचा ओठ धरला, पुढं ओढला आणि उलटा करून मला दाखवला. मग आजोबांना. मग बाबाला, मग आईला. मग दुसरा हात पुढं केला, बोटं पसरून, नखं वर. तेही एकेकाला.

"लाल आहे ना?" तिनं विचारलं. "सबने देख लिया?"

आम्ही माना हलवल्या.

"आता रडू?"

निखिल तोंड फिरवून उभा राहिला. शिखा तिथंच फरशीवर बसली, लेकीला मांडीवर ओढून घेतलं, पदरानं तिचा गुडघा धरला आणि म्हणाली, "रड, बेटा. रड."